मखमल खाली उतरते

फाउंड्रीच्या त्या लांबलचक शेडमध्ये दीडशे माणसं राबत होती, आणि त्यांतल्या दोघांचे पाय दिवसभर जमिनीला लागत नसत. छपराच्या पत्र्याखाली, जिथे उन्हाळ्यात पाखरूही बूड टेकत नसे, तिथे रुळांवरून दोन क्रेन सरकत. प्रत्येक क्रेनच्या पोटाला काचेची एक खोली लटकलेली. खोली कसली, उभ्या कपाटाएवढं खोकं. त्यात एक खुर्ची, चार दांडे आणि एक माणूस. शेडच्या दाराकडच्या क्रेनवर उंट बसायचा. भट्टीकडच्या क्रेनवर मखमल.

नावं दोघांनाही होती, पण ती हजेरीच्या पुस्तकात झोपलेली. शेडमध्ये त्या नावांनी त्यांना कोणी हाक मारत नसे. उंटाला ते नाव पडलं, कारण सकाळी चढलेला हा गडी जेवणाच्या सुट्टीशिवाय पाण्याच्या थेंबाला शिवत नसे, आणि सुट्टीतही जेमतेम दोन घोट. आपल्याला उंट म्हणतात याचा त्याला इतका अभिमान होता, की कोणी चुकून खऱ्या नावाने बोलावलं तर तो मागे वळून बघायचा, आणखी कोणी आलंय का म्हणून.

मखमलला तिचं नाव तिच्या हाताने मिळालं. साचा वाळूचा असतो. खालची पेटी वेगळी, वरची वेगळी. दोन्हींत वाळू ठासून भरलेली, आणि त्या वाळूत जे घडवायचं त्याची पोकळी. वरची पेटी दोन टनांची. ती उचलून खालच्या पेटीच्या दोन खुंट्यांवर नेमकी उतरवायची, आणि मग तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. उतरवताना जरा धक्का बसला की आतली वाळू ढासळली, दोन दिवसांचं काम मातीत. मखमल पेटी उतरवायची तेव्हा आवाज होत नसे. खाली उभा असलेला माणूस साखळी ढिली पडलेली बघायचा आणि मग त्याला कळायचं, की पेटी केव्हाच बसली. सव्वीस वर्षं तिने अशा पेट्या बसवल्या होत्या.

आता त्या शेडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

क्रेनवर चढायचं ते कोरडं चढायचं, अशी ती रीत. शिडीला सत्तेचाळीस पायऱ्या. वरचा माणूस खाली उतरला की त्याची क्रेन उभी, आणि क्रेन उभी की अर्धी शेड तोंड वर करून उभी. तेव्हा उतरायची वेळच येऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी मखमलच्या उस्तादाने तिला शिडीपाशी थांबवून सांगितलं होतं, "पोटात पाणी घेऊन चढलीस तर तुझं लक्ष हुकावर राहणार नाही, पोटावर राहील. सकाळी अर्धा कप चहा. बास. क्रेनवाल्याची लायकी त्याच्या ओठांवरून कळते."

उस्तादाचे ओठ जुन्या रबरासारखे भेगाळलेले होते. मखमलने त्या ओठांकडे बघून ही गोष्ट मनावर कोरून घेतली. त्यात ती बाई. त्या शेडमध्ये क्रेनवर चढलेली पहिली बाई. खाली पैज लागली होती, की अकराच्या आत उतरते की बाराच्या आत. ती उतरली ती एक वाजता, सुट्टीचा भोंगा झाल्यावर, आणि सावकाश, एकेक पायरी मोजत. त्या दिवसापासून कोरडं बसण्यात ती कोणाला हार गेली नाही. न्याहरी केली की तहान लागते, म्हणून न्याहरी सोडली. डबा पोटभर खाल्ला की डोळे जड होतात, म्हणून अर्धा डबा परत नेऊ लागली. सुट्टीत पाण्याचे दोन घोट आणि वर एक कडक चहा. मग चार वाजेपर्यंत वर. भट्टीची धग सगळी वर येते. खाली माणूस घामाने निथळतो, वर घाम येतो आणि येतायेताच वाळतो. संध्याकाळी तिच्या सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. त्या रेघा ती फौजदाराच्या फितींसारख्या मिरवायची.

बावन्नाव्या वर्षी तिच्या अंगातलं काहीतरी संपत आलं.

आधी कळलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला कपाळामागे कोणी खिळा ठोकतंय असं दुखायचं. शिडी उतरून जमिनीवर पाय ठेवला की शेड एकदा गिरकी घ्यायची आणि मग जागेवर यायची. घरी गेल्यावर ती चप्पल काढायला खुर्चीत बसायची ती एक चप्पल पायात तशीच ठेवून झोपी जायची. नवरा शहरी बसवर कंडक्टर. तो घरी आला की तिला हलवून म्हणायचा, "बाईसाहेब, शेवटचा थांबा आला. उतरा." एरवी ती हसली असती. हल्ली ती खेकसायची. मग आपण का खेकसलो म्हणून स्वतःवरच चिडायची, आणि चिडण्यातही दमायची.

तिने त्यावर आपल्या परीने इलाज केला. चहा वाढवला. अंग जड वाटतंय म्हणून डबा आणखी हलका केला. दमणूक जितकी वाढली तितकं तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. त्या शेडमध्ये दुसरा इलाज कोणाला माहीतच नव्हता.

आणि मग एका मंगळवारी, पावणेतीन वाजता, आवाज झाला.

धाड्.

पेटी खुंटीच्या काठावर बसली, कलली आणि खाली आदळली. कोणाला लागलं नाही, खालची माणसं रीतीप्रमाणे चार पावलं लांब होती. पण आतली वाळू ढासळून बाहेर आली, आणि दीडशे माणसांनी एकदम वर पाहिलं. सव्वीस वर्षांत शेडने मखमलच्या हातचा आवाज ऐकला नव्हता. ती काचेमागे दांडा धरून बसून होती. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि त्यांच्या आडून तिला फुटलेली पेटी दिसत होती.

शेडच्या साहेबाने तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. साहेब वाईट नव्हता. कागदावर जगणारा माणूस होता.

"बाई, वय होतं माणसाचं. त्यात लाज कसली?"

"लाज कोण म्हणालं?"

"तीन आठवड्यांनी तुमची चाचणी घेतो. दिवसाच्या शेवटी, दहा पेट्या. एक जरी आदळली तर तुम्ही खाली भंगार निवडायला. बसून काम आहे, सावलीतलं. त्याआधी दवाखान्यात दाखवून घ्या."

भंगार निवडायला. मखमल बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने सव्वीस वर्षं शेड वरून पाहिली होती. वरून माणसांची डोकी दिसतात, टक्कल कोणाचं वाढलं ते तिला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं. रस ओतताना सगळ्या शेडवर जो तांबूस उजेड पसरतो, तो खालच्यांच्या तोंडावर पडतो; वरून तो तळ्यासारखा दिसतो. ते तळं दिवसातून चार वेळा फक्त तिचं असायचं. ते सोडून तिने कुंपणाजवळ बसून गंजके तुकडे निवडायचे?

वाळूदादा तिथेच पलीकडे वाळू कालवत होता. तो शेडमधला सगळ्यात जुना माणूस. साच्याच्या वाळूत किती ओल हवी हे तो मूठ आवळून सांगायचा. प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आत त्याची मूठ बोललेली असायची. त्याने आत्ताही मूठभर वाळू उचलली, आवळली, उघडली. वाळू भुरभुरली. त्याने डब्यातून पाण्याचा हबका मारला.

"काय म्हणाला साहेब?"

"म्हातारी झाले म्हणाला, दादा."

"हात दे."

"काय?"

"हात दे म्हणतो."

तिने हात पुढे केला. त्याने तिच्या मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी उभीच राहिली, दुमडलेल्या कागदासारखी, आणि मग सावकाश खाली बसली. त्याने स्वतःच्या हातावर तसंच केलं. तो तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्याची कातडी लगेच बसली.

"मी चाळीस वर्षं ओल बघत आलोय, पोरी. तू वाळलीयस."

"जा हो दादा. माणूस म्हणजे काय वाळू आहे?"

"वाळू बरी. वाळू कोरडी असली की सांगते तरी. तू सांगतही नाहीस आणि वर ऐटीत बसतेस."

ती रागावून निघून गेली. पण त्या दिवशी बाथरूममध्ये तिने जे कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. घरी गेल्यावर, संध्याकाळी, दिवसातून पहिल्यांदा जे बाहेर येत होतं त्याचा रंग तिच्या कडक चहासारखा होता.

दवाखान्यात आठवड्यातून दोनदा एक डॉक्टरीण यायची. बारीक चणीची, भरभर बोलणारी. तिने आडवं झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून पुन्हा घेतला, रक्त काढलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली.

"कामावर असताना दिवसातून किती वेळा लघवीला जाता?"

"एकदाही नाही," मखमल म्हणाली. मान तिची आपोआप ताठ झाली.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला बक्षीस मागितल्यासारखं सांगताय."

चार दिवसांनी रक्ताचा कागद आला. डॉक्टरणीने तो वाचून बाजूला ठेवला. "लोह कमी. पाणी कमी. पोटात जातंय ते अन्न कमी. एक वय तेवढं बरोबर आहे."

"म्हणजे मी म्हातारी झाले नाही?"

"झालात की थोड्या. मीही झालेय. पण ती पेटी वयाने आदळलेली दिसत नाही मला. उपाशी आणि कोरडं माणूस दुपारी तीन वाजता भट्टीच्या डोक्यावर बसवलं तर पंचविशीतलाही पेटी आदळेल. लक्ष जातं, हात मंद होतो, डोकं दुखतं. आणि तुम्ही त्यावर चहा पिता."

तिने सांगितलं ते साधं होतं. सकाळी खाऊन चढायचं. डबा संपवायचा: डाळ, अंडं, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, लिंबू पिळून. चहा जेवणाला चिकटून नको, तासभर लांब. लोहाच्या गोळ्या. पाणी घटाघट तांब्याभर नाही, थोडं थोडं, दिवसभर. आणि घामात मीठ जातं तेव्हा जेवणातलं मीठ तोडू नका. "गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने जातील. जादू नाही ही. पाणी आणि न्याहरी मात्र आठ-दहा दिवसांत उत्तर देतील."

"पाणी प्यायलं की उतरावं लागेल."

"मग उतरा."

"डॉक्टरीणबाई, तुम्ही आमची शेड पाहिली नाहीत."

"मी तुमचा कागद पाहिलाय," डॉक्टरीण म्हणाली.

साहेबाकडे ती तोच कागद घेऊन गेली. साहेबाने तो वाचला, मोठ्या मनाने म्हणाला, "पाण्याची बाटली वर न्या की. कोण अडवतंय तुम्हाला?"

"आणि मग?"

"मग काय?"

"साहेब, वर नेलेलं पाणी खाली कुठून आणायचं?"

साहेबाला खोकला आला. तो टेबलावरच्या कागदांत काहीतरी शोधू लागला. "तुम्ही उतरलात की क्रेन उभी. बायकांचं बाथरूम ऑफिसच्या मागे. जाऊन येऊन दहा मिनिटं. दोनदा उतरलात तर वीस. अर्धी शेड वीस मिनिटं उभी ठेवू?"

"पेटी फुटली त्या दिवशी किती वेळ उभी होती?"

"दोन तास. पण ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"तो अपघात होता, बाई. हे तुम्ही ठरवून करणार."

"हो," मखमल म्हणाली. "हे मी ठरवून करणार."

त्या संध्याकाळी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो बूट काढत ऐकत होता. "आम्ही कंडक्टर लोक शेवटच्या थांब्याची वाट बघतबघत म्हातारे झालो," तो म्हणाला, "तू तरी मधल्या थांब्यावर घंटी मार." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने दोन अंडी उकडली. एक तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसून राहिला.

"असं काय बघताय?"

"तिकीट तपासतोय. खा."

अंडं, दोन पावाचे तुकडे, एक केळं. तिचा जबडा सकाळी चावायला विसरला होता. घास तोंडात फिरत राहिला. ती चढली तेव्हा तिच्या खांद्याला बाटली लटकत होती, आणि सत्तेचाळीस पायऱ्यांवर ती बाटली शिडीच्या लोखंडावर ठण् ठण् वाजत गेली. सगळ्या शेडने ऐकलं.

दहा वाजता तिने हातातली पेटी जागेवर बसवली, हूक रिकामा करून वर ओढला, दांडे मधोमध आणले, क्रेनची घंटा एकदा वाजवली आणि दार उघडून शिडीवर पाय ठेवला.

शेड थांबली. हातोडे थांबले. भट्टीवाला फावडं टेकवून उभा राहिला. पलीकडच्या क्रेनमधून उंटाने काच सरकवून आरोळी दिली, "काय ताई! दोरी तुटली का?"

ती उतरत राहिली. मुलखाची धोक्याची कामं तिने केली होती, हलत्या क्रेनच्या तुळईवर चालून गेली होती, पण दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत बाथरूमला जाण्यासारखं अवघड तिने काही केलं नव्हतं. खाली आल्यावर ती धावली नाही. उस्तादाने शिकवलेल्या चालीने, सावकाश, ऑफिसच्या मागे गेली आणि तशीच परत आली. वाळूदादापाशी थांबून तिने त्याच्या मडक्यातलं पाणी घेतलं, अर्धा पेला, घोटघोट.

"मखमल भिजली रे!" कोणीतरी मागून म्हणालं. हशा झाला.

तिने पेला उलटा करून मडक्यावर ठेवला. "भिजली," ती म्हणाली. "अजून कोणाला बघायचं असेल तर अडीच वाजता पुन्हा आहे." आणि चढली. नऊ मिनिटं.

अडीच वाजता खरोखरच पुन्हा घंटा झाली.

चौथ्या दिवशी नोटीस आली: कामाच्या वेळेत क्रेन सोडण्याबद्दल खुलासा द्यावा. तिने ती वाचली, चौपदरी घडी केली आणि वर नेऊन बाटलीखाली ठेवली. क्रेन सरकताना बाटली खुर्चीच्या कडेला खडखडायची. नोटिशीने ती खडखड थांबली.

पण खरं सांगायचं तर पहिले पाच-सहा दिवस तिला काहीच फरक पडला नाही. उलट सारखं उतरावंसं वाटायचं. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं अंग, आता दार उघडलं तर गर्दी करत होतं. एकदा ती अकरालाही उतरली, आणि शिडीवर तिला रडू आलं. इतका तमाशा करून दुपारी डोकं दुखतच होतं. उंट सुट्टीत तिच्या शेजारी येऊन बसला. सुक्या ओठांनी हसत म्हणाला, "ताई, सोड हे खूळ. उस्ताद असता तर काय म्हणाला असता?"

"उस्ताद कशाने गेला रे?"

दोघांनाही माहीत होतं. उस्तादाच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता, आणि शेवटच्या महिन्यांत त्याला पाणी मोजून मिळत होतं. ते पाण्यावाचून झालं की आणखी कशाने, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. उंटाने नकळत स्वतःच्या कमरेवर, उजव्या बाजूला, हात ठेवला. मखमलने ते पाहिलं. वरून बघायची सवय असलेल्या बाईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

"दुखतं?"

"छे," उंट म्हणाला आणि उठला. "उंट आहे मी."

आठव्या का नवव्या दिवशी, तीन वाजून गेल्यावर, तिच्या लक्षात आलं की खिळा आलेला नाही. ती त्याची वाट बघत होती, पाहुण्याची बघावी तशी. सव्वातीन झाले. साडेतीन. काचेतून शेड स्वच्छ दिसत होती, कडा धारदार. त्या संध्याकाळी तिने दोन्ही चपला काढल्या. नवरा आला तेव्हा ती जागी होती आणि खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होती. त्याने दारातच टोपी काढली. "अरे वा, गाडी अजून चालू आहे!" आणि ती हसली.

सगळी दमणूक गेली नव्हती. जिने चढताना अजून छाती भरून यायची. त्या गोळ्यांना वेळ लागणार होता, हे डॉक्टरणीने सांगितलंच होतं. पण आता दमणुकीला कारण होतं, आणि कारण असलं की माणूस तिच्याशी भांडू शकतो.

चाचणीचा दिवस उजाडला. भट्टी पूर्ण पेटलेली, शेडमधली हवा नुसती थरथरत होती. साडेतीन वाजता साहेब फळीला कागद लावून खाली उभा राहिला. दहा पेट्या ओळीने मांडलेल्या. वाळूदादाने प्रत्येक पेटीतली वाळू स्वतः मुठीने तपासली होती. कोणाला बोलायला जागा नको म्हणून. उंटाने आपली क्रेन थांबवून काच उघडी ठेवली होती. मखमल नापास झाली तर भट्टीकडची क्रेन त्याच्या भाच्याला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिली पेटी बसली. आवाज नाही. दुसरी. तिसरी. साहेब खुणा करत गेला. सहाव्या पेटीला साखळी जराशी डोलली. तिने दांडा सोडून डोलणं थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग पेटी खुंट्यांवर अशी उतरली, जशी झोपलेल्या मुलावर चादर.

सातवी बसल्यावर तिने हूक वर ओढला आणि घंटा वाजवली. एकदा.

साहेबाने मान वर केली. "काय झालं?"

ती शिडीवर होती.

"बाई! चाचणी चालू आहे! तीन राहिल्यात फक्त! दहा मिनिटं दम धरवत नाही?"

ती उतरत राहिली. जमिनीवर पाय ठेवून, त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "धरवतो की. सव्वीस वर्षं धरला. दम धरूनच ती पेटी आदळली, साहेब."

"मी हे नापास म्हणून लिहू शकतो."

"लिहा. मखमल दहापैकी सात पेट्या बसवून बाथरूमला गेली, असंच लिहा. खाली माणसं उभी असताना, घाई दाबून, दोन टन त्यांच्या अंगावरून फिरवायला मी वेडी नाही. होते. आता नाही. तुम्हाला पेट्या बघायच्यात की माझा कोरडेपणा, ते मी येईपर्यंत ठरवा."

आणि ती ऑफिसच्या मागे निघून गेली. त्याच चालीने.

साहेब पेन हातात धरून उभा. त्याने कागदावर पेन टेकवलं, उचललं. वाळूदादा मुठीतली वाळू उघडून बघत होता आणि कोणाकडेच बघत नव्हता.

तेवढ्यात दाराकडून घंटा झाली. एकदा.

सगळ्यांनी माना वळवल्या. उंट शिडीवर होता. कमरेला एक हात लावून, एका हाताने शिडीचा दांडा धरत, वाकडातिकडा उतरत होता. खाली आला तो तडक वाळूदादाच्या मडक्यापाशी गेला. पेला भरला. सगळ्यांसमोर तोंडाला लावला.

"काय रे," भट्टीवाला म्हणाला, "उंट पाणी प्यायला?"

"पितो उंट," उंट ओठ पुसत म्हणाला. "पीत नाही असं कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?" आणि दुसरा पेला भरायला लागला, तेव्हा वाळूदादाने त्याचा हात धरला. "एकदम नको. घोटघोट." मग हलक्या आवाजात, "आणि ते कमरेचं डॉक्टरणीला दाखव. पाण्याने सगळं भागत नाही."

मखमल परत आली तेव्हा दोन्ही क्रेन उभ्या होत्या. तिने उंटाकडे पाहिलं, त्याने मान वळवली. ती चढली. आठवी पेटी बसली. नववी. दहावी खुंट्यांवर टेकली तेव्हा साहेब साखळीकडे बघत होता. ती ढिली पडली, तरी त्याने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, आवाज येतो का म्हणून. आला नाही. त्याने कागदावर दहावी खूण केली आणि निघून गेला.

पुढच्या सोमवारी दोन्ही शिड्यांपाशी काळे फळे लागले. सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: क्रेन थंड करण्यासाठी सकाळी दहा वाजता व दुपारी अडीच वाजता दहा मिनिटे काम बंद.

मखमलने ते दोनदा वाचलं. मग तिने फळ्याखालचा खडू उचलला, 'क्रेन थंड करण्यासाठी' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: माणसाला पाणी पिण्यासाठी.

संध्याकाळी कोणीतरी ते पुसून पहिल्यासारखं केलं. सकाळी तिने पुन्हा रेघ मारली. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी ती आली तेव्हा फळा कोरा होता आणि त्याच्यासमोर साहेब उभा होता, हातात खडू.

"यंत्राचं नाव घातलं की वरच्या ऑफिसला विचारावं लागत नाही, बाई," तो म्हणाला. आवाज त्याचा थकलेला होता. "दहा मिनिटं तुम्हाला मिळाली ना? मग नाव कशाचं का असेना."

"साहेब, क्रेनला सव्वीस वर्षांत एकदाही तहान लागलेली मी पाहिली नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने सकाळची न्याहरी केली होती, बाटली भरलेली होती, आणि ती दिवसभर तिथे उभी राहू शकली असती. हे बहुधा त्यालाही दिसलं. त्याने खडू तिच्या हातात ठेवला.

तिने लिहिलं. यावेळी मोठ्या अक्षरात, फळा भरून. दुपारी उंट रंगाचा डबा घेऊन आला आणि त्या अक्षरांवरून पांढरा तेलरंग फिरवला, म्हणजे पुसायचा प्रश्न नको. त्याचा हात काही मखमली नव्हता. 'पाणी' तिरकं गेलं.

ती चढली. बाटली शिडीवर ठण् ठण् वाजत गेली, आणि शेडमध्ये कोणी मान वर करून पाहिलं नाही.